पाव इंच

“बसंना,” आबा म्हणाले.

त्यांनी पितळी शाफ्ट उचलला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा लाकडी ब्रॅकेटांवर ठेवला. शाफ्टची डावीकडची पहिली मान, म्हणजे बारीक कातलेली जागा, आपल्या खाचेत अलगद उतरली. उजवीकडचं टोक मात्र शेवटच्या ब्रॅकेटच्या काठावर चढून बसलं. मी हिरव्या रंगाचा ब्रश हातात धरून नुसती बघत राहिले. एक थेंब माझ्या पावलावर पडला, तो पुसायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. पूजेच्या आधी उद्यमनगरातली सगळी जुनी माणसं जुन्या कारखान्याचं हे छोटं मॉडेल चालताना बघायला जमणार होती. ते चाललं नसतं तर ती काय म्हणाली असती, हे मला तोंडपाठ होतं. सुताराची पट्टी परत चुकली.

आबा म्हणजे माझे वडील, केरबा सुतार, कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एके काळचे नावाजलेले पॅटर्नमेकर. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. वाळूत त्याचा ठसा घेतात आणि त्या ठशात रस ओततात. ते लाकूड आबा करायचे. ओतून आलेला खडबडीत माल लेथवर चढवून आरशासारखा करायचं काम दस्तगीर मुजावरांचं. दोघांची भागीदारी होती. पत्र्याच्या शेडमध्ये एकच ऑईल इंजिन, त्यावर छताखालून गेलेला लांबलचक शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून खाली उतरणाऱ्या चामडी बेल्टांवर लेथ, शेपर, ड्रिल अशी सगळी यंत्रं चालायची. इंजिन सुरू झालं की अख्खी शेड अंग झटकून उठायची. मी शाळेतून थेट तिथं जायची आणि दस्तगीरचाचांच्या डब्यातलं खायची. आमच्या घरी ज्वारीची भाकरी आणि त्यांच्याकडे गव्हाची चपाती, एवढाच काय तो धर्माचा फरक मला ठाऊक होता.

मी सातवीत असताना ते सगळं मोडलं.

लोखंड गार होताना अंग चोरतं, थोडं आखडतं. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. दर वेळी तो हिशेब मांडत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरकडे खास पट्टी असते. दिसायला साध्या पट्टीसारखीच, पण तिचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. आबा तिला वाढीची पट्टी म्हणायचे. एका गिऱ्हाइकानं जुन्या विलायती इंजिनाची बैठक नमुना म्हणून आणून दिली होती. तशा बैठकांचा मोठा लॉट ओतला, आणि सगळा माल आखूड निघाला. आखूड ओतीव लोखंडाला ठोकून लांब करता येत नाही. सगळं भंगारात गेलं.

शेडमध्ये माणसं जमली. कुणीतरी आबांचा पॅटर्न नमुन्याशेजारी ठेवला. दोन्ही तंतोतंत सारखे भरले. म्हणजे वाढ दिलेलीच नव्हती. केरबानं साध्या पट्टीनं पॅटर्न केला, असा निकाल तिथल्या तिथं लागला. आबा एकच वाक्य सांगत राहिले, “मी वाढीच्याच पट्टीनं केला.” पण समोर पुरावा ठेवलेला. दस्तगीरचाचा तेव्हा चिडून बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “होतं केरबा, माणसाकडनं.” आबा जे उठले ते खिशातली एक पट्टी सोडली तर हत्यारंसुद्धा न घेता घरी आले. पुन्हा त्या शेडची पायरी चढले नाहीत, पुन्हा पॅटर्नही केला नाही. ज्या हातांनी इंजिनं घडवली ते हात पुढं देवघरं आणि पाट करत राहिले.

मला चाचांचा राग होता. भांडला असता माणूस तर दोन दिवसांनी समेट तरी झाला असता.

मी पुढं शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले. मॉडेल झालं त्या वर्षी पावसाळा सरता सरता कारखानदारांच्या मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब खोराटे माझ्या वर्गाबाहेर येऊन उभे राहिले. चाचांचे गुडघे गेले होते आणि त्यांनी जागा विकली होती. दसऱ्यानंतर शेड पडणार, यंत्रं भंगारात जाणार. तसा शाफ्टवर चालणारा कारखाना उद्यमनगरात दुसरा उरला नव्हता.

“मंडळाच्या हॉलात मॉडेल पायजे, बाई. चालतं मॉडेल,” खोराटे म्हणाले. “लाकूड तुमच्या आबांचं, पितळ मुजावरांचं, रंग तुमचा. आबास्नी म्हणावं, पट्टी तेवढी नीट धरा.” आणि ते मनापासून हसले. वाईट माणूस नव्हता. उद्यमनगरात तो विनोद इतका जुना झाला होता की तो कुणाला बोचत असेल हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

मला वाटलं होतं, आबा नाही म्हणतील. ते बराच वेळ पाटाला पॉलिश पेपर घासत राहिले. मग म्हणाले, “शेड मोजून आण.”

मी मोजून आणली. फुटाला एक इंच या प्रमाणात नकाशा काढला, एक प्रत आबांना दिली, एक चाचांना. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळं मधला बेल्ट मी. सागवानातून लेथ उतरला, शेपर उतरला, अंगठ्याएवढं ड्रिल उतरलं. चाचांकडून पितळी पुल्या आल्या आणि त्या आबांच्या यंत्रांवर अशा बसल्या की आबांनी एक पुली बोटानं फिरवली, आणि ती थांबेपर्यंत बघत राहिले. मी माझ्या जुन्या पर्सचं चामडं कापून बेल्ट केले. रंग कुठला द्यायचा म्हणून शेडमधल्या लेथचं अंग ब्लेडनं खरवडलं होतं. वर करडा, त्याखाली निळा, पार तळाशी हिरवा. “हिरवा आमचा,” आबा म्हणाले. तोच मी लावत होते.

राहिला होता फक्त वरचा शाफ्ट. चाचांनी तो एका सळईतून अखंड काढला होता आणि प्रत्येक ब्रॅकेटपाशी बसायला त्याला मानेसारखी बारीक जागा केली होती. तो त्या दुपारी मी घेऊन आले, आणि तो बसला नाही.

“त्यांनी मुद्दाम केलंय,” मी म्हणाले.

“गप.”

“तुमची यंत्रं त्यांच्या पुल्यांना बरोबर बसली. मग आत्ताच कसं...”

“गप म्हंटलं न्हवं. माझंच चुकलं असंल.” आबांनी फडक्याची घडी घातली. “खोराटेस्नी सांगून ये. न्हाई जमलं म्हणावं. आपली शोभा आपल्या पायांनी चालत जाऊन कशाला करून घ्यायची?”

त्यांच्या तोंडावर तेव्हा जे दिसलं ते मी सातवीत असताना पाहिलं होतं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. मी चप्पल पायात सरकवली. खोराट्यांकडे नाही, चाचांकडे जाऊन तो शाफ्ट त्यांच्या पुढ्यात आपटायचा असं ठरवूनच.

“थांब,” आबा म्हणाले.

ते वाकून बघत होते. चष्मा काढून, डोळा ब्रॅकेटांच्या रेषेत लावून. पहिली मान बरोबर. दुसरी थोडी पुढं. तिसरी आणखी पुढं. शेवटची चांगली पाव इंच बाहेर.

“शालन, हिकडं ये. चूक कशी असती? एका जागी असती. खूण करताना पेन्सिल हलली, तर तिथनं म्होरं सगळं सारखंच सरकंल. ही तशी न्हाई. ही वाढत चाललीया.”

“म्हणजे?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “दस्तगीरनं लांबी कशानं मोजली ते इचारून ये,” ते म्हणाले. “इचारू नको. ती पट्टीच घेऊन ये.”

शेडमध्ये चाचांनी उद्याची तयारी करून ठेवली होती. ते स्वतः मुजावर, पण खंडेनवमी त्यांनी कधी चुकवली नाही. वर्षभर राबणाऱ्या यंत्राला एक दिवस विसावा द्यायचा, एवढं त्यांना पटत होतं. लेथ धुऊनपुसून त्यावर झेंडूची माळ घातली होती. एकदा माळ चढली की ते लेथला हात लावू देत नसत.

“पट्टी?” चाचा म्हणाले. “का? माप चुकलं म्हणतोय केरबा?”

“मागितलीय फक्त.”

ते गुडघ्यावर हात देत उठले. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली एक पितळी पट्टी त्यांनी कपाटातून काढली. कोपरे झिजलेले, काही आकडे पार पुसलेले.

“त्याचीच हाय ही,” ते म्हणाले. “दोन पट्ट्या ठेवायचा फळीवर. वाढीची घेऊन गेला असंल, ही साधी मागं राहिली. दर पावसाळ्याला तेल लावून ठेवतो. म्हंटलं, त्याच्यासंगट शेवटचं काम हाय, तर त्याच्याच पट्टीनं करावं.” मग जरा थांबून म्हणाले, “शाफ्ट चुकीचा न्हाई पोरी. मी नकाशाबरहुकूम केलाय.”

मी पट्टी घरी आणली. आबांनी आपली साधी पट्टी काढली, दोन्ही फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि डावीकडची टोकं अंगठ्यानं दाबून धरली.

उजवीकडे दोन्ही पट्ट्यांवरचे सारखेच आकडे समोरासमोर येत नव्हते. चाचांच्याकडून आलेली पट्टी पुढं गेली होती.

“ही वाढीची,” मी म्हणाले. “त्यांनी वाढीच्या पट्टीनं शाफ्ट केला. म्हणून लांब झाला. पुल्या बारक्या, त्यांत फरक जाणवला नाही.”

आबा खाली बसले. मला वाटलं, कोडं सुटलं म्हणून त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

“त्या बैठकीचं माप कुणी घेतलं व्हतं, ठाव हाय तुला?” ते म्हणाले. “नमुना जड. त्यो दारातच ठेवलेला. मी आत पॅटर्नला लाकूड तासत व्हतो. माप दस्तगीरनं घेतलं अन् वरडून सांगितलं. मी खडूनं फळीवर लिहिलं.”

मला अजून कळलं नव्हतं. आबांनी बोटानं फळीवर रेघ ओढली आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगितलं. नमुन्याची लांबी चाचांनी वाढीच्या पट्टीनं घेतली. तिचे इंच मोठे, म्हणून आकडा कमी आला. तो कमी आकडा आबांनी त्याच पट्टीनं लाकडावर टाकला. मोठ्या इंचानं घेतलेलं माप मोठ्या इंचानंच परत केलं, म्हणजे लाकूड झालं बरोबर नमुन्याएवढं, वाढ शून्य. शेजारी ठेवून बघणाऱ्याला वाटणार, सुतारानं साधी पट्टी वापरली.

“मी वाढीच्याच पट्टीनं केला व्हता, शालन,” आबा म्हणाले.

ते वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदाच खरं होतं असं म्हणता येणार नाही. ते पहिल्यापासूनच खरं होतं.

आबांनी टोपी घातली, दोन्ही पट्ट्या घेतल्या आणि निघाले. मी मागोमाग. शेडच्या पायरीशी त्यांचं पाऊल अडखळलं. मग ते आत गेले. चाचा स्टुलावर बसले होते. त्यांना बघून ते उठायला लागले, पण गुडघ्यानं दगा दिला आणि ते तसेच अर्धे उठलेले राहिले.

आबांनी फळीवरची धूळ बाहीनं पुसली, दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि टोकं दाबून धरली.

चाचा बघत राहिले. तेही मापातच आयुष्य घालवलेले. त्यांना रेघ ओढून सांगायची गरज पडली नाही. पण शाफ्टचं लक्षात आल्यावर त्यांचे डोळे तिथंच थांबले नाहीत. ते हळूहळू दाराकडे गेले, जिथं तेव्हा नमुना ठेवलेला होता.

“माझी पट्टी गावत नव्हती त्या दिवशी,” ते अगदी हळू म्हणाले. “तुझ्या फळीवरची उचलली.”

“व्हय,” आबा म्हणाले.

चाचांनी पाठ फिरवली आणि लेथवरची माळ उगाच सारखी करत राहिले. मी वाट बघत होते. आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी काहीच म्हटलं नाही.

“शाफ्ट नवा करायला लेथ लागंल,” शेवटी आबाच म्हणाले. “माळ चढलीया. राहू दे. लाकूड मी हलवतो.”

घरी येताना मी आबांना नाही नाही ते बोलले. “चूक त्यांची आणि दुरुस्ती तुम्ही करणार? वदवून का नाही घेतलंत? सगळ्या गावात तुमचं नाव गेलं, आणि त्यांना एक शब्द बोलवेना?”

“मागून घेतलेला शब्द काय कामाचा?” आबा म्हणाले. चार पावलं गेल्यावर ते पुन्हा बोलले. “तुझी आई म्हणायची, जाऊ दे, होतं माणसाकडनं. दस्तगीरबी तेच म्हणला. खोराटे हसून घेतो, म्हणजे त्यानंबी सोडूनच दिलं. समद्यांनी मला माफ केलं, शालन. एक माणूस असा भेटला न्हाई की जो म्हणंल, केरबा, तू केलंच न्हाईस.” त्यांनी टोपी सारखी केली. “पुढं पुढं माझाच माझ्यावर भरवसा राहिला न्हाई. म्हंटलं, एवढी माणसं म्हणत्यात, तर चुकलोच असंन.”

आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

सकाळी मी उठले तेव्हा वरची तुळई नवी होती, तिला जुळता तळाचा पाट नवा होता आणि सगळी ब्रॅकेटं नव्या जागी बसली होती. शाफ्ट आपल्या वजनानं सगळ्या खाचांत उतरला होता. नकाशापेक्षा मॉडेल पाव इंच लांब झालं होतं. कोऱ्या लाकडाला मी घाईघाईनं रंग दिला. तो वाळायच्या आतच आम्ही निघालो.

शेडमध्ये बसायला जागा उरली नव्हती. लेथपुढं पाट मांडून त्यावर कानशी, पाने, छिन्न्या ओळीनं ठेवल्या होत्या. आबांचं मॉडेल मधल्या टेबलावर ठेवलं आणि म्हातारी माणसं लहान पोरांसारखी त्यावर वाकली. हा तुझा शेपर, इथं मी जेवायला बसायचा, इथं राजारामचं बोट गेलं. खोराट्यांनी तुळईला बोट लावलं आणि हिरवं झालेलं बोट बघून सगळे हसले. चाचा स्टुलावर बसून होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं नव्हतं.

“चला, चालू करू,” खोराटे म्हणाले आणि मग त्यांना राहवलं नाही. “काय केरबा, यावेळंला पट्टी कुठली धरलीस? साधी का वाढीची?”

नेहमीचं हसू उठलं. आबांनी मान खाली घातली आणि तेही ओठातल्या ओठात हसले. इतकी वर्षं ते असेच हसत आले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडलं, पण आबांनी माझा दंड धरला. एवढा घट्ट की दुखलं.

“वाढीची,” चाचा म्हणाले.

ते उठून उभे राहिले होते, लेथला धरून. त्यांच्या हातात पट्टी नव्हती, काही नव्हतं.

“तवाबी वाढीचीच धरली व्हती त्यानं. नमुन्याचं माप मी घेतलं. माझी पट्टी गावली न्हाई म्हणून त्याची उचलली, अन् ती वाढीची निघाली. आकडा चुकीचा मी सांगितला.” त्यांना धाप लागली. “त्या आकड्यावर केरबानं बरोबर काम केलं. मला हे काल कळलं. काल रातीच सांगायचं व्हतं, तोंड उघडंना. एकट्याला सांगून भागणार न्हवतं. लॉट समद्यांच्या म्होरं आखूड निघाला व्हता.”

हसू कुठल्या कुठं विरलं. खोराटे आपलं हिरवं बोट रुमालाला पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

चाचा आबांकडे वळले. “केरबा, तुझं चुकलं न्हवतं.”

आबांनी माझा दंड सोडला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. ते मॉडेलपाशी गेले, इंजिनाचा चामडी बेल्ट चाकावर चढवला आणि खालच्या छोट्या मोटरचं बटण दाबलं. शाफ्ट फिरला. लेथ फिरला, शेपरचा हात मागं-पुढं व्हायला लागला, इवलंसं ड्रिल गरगरलं. कुणी टाळी वाजवली नाही. सगळे नुसते बघत होते.

पूजेच्या वेळी चाचांनी ती झिजलेली पट्टी पाटावर आणून ठेवली. खोराट्यांनीच तिला हळदकुंकू वाहिलं. आबा बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

“आज उचलायची न्हाई,” ते चाचांना म्हणाले. “उद्या सोनं द्यायला येतो, तवा घेऊन जातो. लागंल मला.”

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं देऊन ते पट्टी घेऊन आले, आणि दिवाळीच्या आत आमच्या पडवीत पुन्हा पॅटर्नचं लाकूड पडलं.

शेड गेली. आबा गेले, चाचाही गेले. मॉडेल अजून मंडळाच्या हॉलात काचेच्या पेटीत आहे. पेटीवरची पाटी मीच रंगवली होती, ‘फुटाला एक इंच’ म्हणून. मध्यंतरी एका नव्या इंजिनिअरनं शाफ्ट मोजून पाहिला आणि मला फोन केला, की बाई, तुमच्या मॉडेलात पाव इंचाची चूक आहे.

मी त्याला म्हटलं, घरी ये. आबांची पट्टी देते. तिनं मोज.